बार्सेलोना : गाउदीचे स्थापत्य आणि साग्रादा फामिलिया पाहण्यासंबंधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्पेनच्या सहलीत बार्सेलोनासाठी बहुधा दोनच दिवस राखलेले असतात आणि त्या दोन दिवसांत वास्तुविशारद आंतोनी गाउदीच्या सगळ्या वास्तू उरकण्याचा बेत केलेला असतो. पुढील उत्तरे असा बेत थोडा सैल करावा, या हेतूने लिहिली आहेत.

बार्सेलोनाचे ‘आधुनिकतावादी’ स्थापत्य म्हणजे चंडीगडसारखे काँक्रीटचे स्थापत्य का?

नाही. साधारण १८८५ ते १९१५ या काळात कातालोनिया प्रांतात बहरलेली ही शैली आहे आणि तिचे नाते पॅरिस, ब्रसेल्स व व्हिएन्ना येथील त्या काळच्या वळणदार, फुलापानांच्या नक्षीच्या कलेशी आहे. कापडगिरण्यांमुळे श्रीमंत झालेला स्थानिक उद्योजकवर्ग आणि कातालान भाषा-संस्कृतीच्या पुनरुज्जीवनाची चळवळ यांच्या संगमातून ती घडली. विटा, लोखंडकाम, चिनीमातीच्या फरशा, रंगीत काच आणि लाकूड यांत वाकबगार असलेले कारागीर हे तिचे खरे भांडवल होते. या वास्तू ज्या विभागात दाटीने आहेत, तो एशाम्पला विभाग इल्देफोन्स सेर्दा या अभियंत्याच्या १८५९ च्या आराखड्यानुसार वसला. प्रत्येक चौकात इमारतींचे कोपरे छाटलेले असल्यामुळे तेथे मोकळी जागा मिळते आणि समोरच्या दर्शनी बाजू मान न वाकवता पाहता येतात. काँक्रीट आणि काचेच्या अर्थाने आधुनिक वास्तू पाहायची असेल, तर १९२९ च्या जागतिक प्रदर्शनासाठी मीस व्हान डेर रोह याने उभारलेला आणि १९८६ मध्ये त्याच जागी पुन्हा बांधलेला जर्मन मंडप मोंजुइक टेकडीच्या पायथ्याशी आहे.

दोन दिवसांत नेमके काय पाहावे?

साग्रादा फामिलिया या चर्चसाठी एक पूर्ण दुपार, पासेज दे ग्रासिया या हमरस्त्यावरील घरांपैकी एकच घर आतून आणि दोमेनेक इ मोन्तानेर या दुसऱ्या वास्तुविशारदाची एक वास्तू, एवढे पुरे आहे. उरलेल्या वेळात पार्क ग्वेल हे उद्यान बसते. एका दिवसात तीन-चार तिकिटांच्या वास्तू पाहिल्या की तिसऱ्या वास्तूपासून डोळे काही नोंदवेनासे होतात आणि हातात केवळ छायाचित्रे उरतात. शिवाय खर्चही बेताचा नाही. चौघांच्या कुटुंबाने प्रत्येक ठिकाणी आत जायचे ठरवले, तर प्रवेशशुल्काची रक्कम हॉटेलच्या बिलाशी स्पर्धा करू लागते.

साग्रादा फामिलिया पूर्ण झाले आहे का?

झालेले नाही. १९ मार्च १८८२ रोजी, संत योसेफाच्या सणाच्या दिवशी, पायाभरणी झाली. जोसेप मारिया बोकाबेया या पुस्तकविक्रेत्याने स्थापन केलेल्या भक्तमंडळाने हे काम हाती घेतले आणि वर्गणीतून उभे राहणारे प्रायश्चित्त-मंदिर अशी त्याची कल्पना मांडली. पहिला वास्तुविशारद फ्रान्सिस्को दे पाउला देल वियार याने नवगॉथिक, म्हणजे मध्ययुगीन टोकदार कमानींच्या चर्चच्या धाटणीचा आराखडा केला होता. मतभेदांमुळे तो बाजूला झाला आणि १८८३ मध्ये एकतीस वर्षांच्या आंतोनी गाउदीकडे काम आले.

नियोजित मनोरे अठरा आहेत : बारा प्रेषितांचे (येशूच्या शिष्यांचे), चार शुभवर्तमानकारांचे (त्याचे चरित्र लिहिणाऱ्यांचे), एक पवित्र मरियेचा आणि मधोमध येशूचा. मरियेच्या मनोऱ्यावरील तारा डिसेंबर २०२१ मध्ये प्रकाशित झाला आणि शुभवर्तमानकारांचे मनोरे २०२३ मध्ये पूर्ण झाले. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस येशूच्या मनोऱ्यावर क्रूसाचा पहिला भाग चढला, तेव्हा या वास्तूची उंची १६२.९१ मीटर झाली आणि जर्मनीतील उल्म येथील चर्चला मागे टाकून हे जगातील सर्वांत उंच चर्च ठरले. या मनोऱ्याची नियोजित उंची १७२.५ मीटर आहे. मोंजुइक टेकडीपेक्षा ती मुद्दामच किंचित कमी ठेवलेली आहे, कारण माणसाच्या हातचे काम देवाच्या हातच्या कामाहून उंच नसावे, अशी गाउदीची धारणा होती.

मुख्य प्रवेशाची, म्हणजे दक्षिणेकडील गौरवाची दर्शनी बाजू मात्र अजून व्हायची आहे. तिच्यापुढे नियोजित असलेल्या भव्य जिन्यासाठी समोरच्या रहिवासी इमारतींच्या जागेचा प्रश्न उभा राहतो आणि तेथील रहिवाशांचा त्याला विरोध आहे. मधले मनोरे पूर्ण झाले म्हणून वास्तू पूर्ण झाली, असे समजून कोणी जाऊ नये. क्रेन आणि परांच्या आणखी काही वर्षे दिसत राहतील.

गाउदीचे निधन १९२६ मध्ये झाले. मग आज उभी असलेली वास्तू त्याची म्हणावी का?

या वास्तूविषयीचा सर्वांत गंभीर प्रश्न हाच आहे आणि त्यावर बार्सेलोनातही एकमत नाही. ७ जून १९२६ रोजी ट्रामचा धक्का लागून गाउदी जखमी झाला. साध्या, जुन्या कपड्यांमुळे त्याला कोणी ओळखले नाही आणि १० जूनला गरिबांच्या रुग्णालयात त्याचे निधन झाले. त्याच्या हयातीत फक्त एक घंटामनोरा, संत बर्नबाचा, पूर्ण झाला होता. १९३६ च्या जुलैमध्ये, यादवी युद्धाच्या सुरुवातीस, तळघरातील चॅपेलला आग लावण्यात आली. कार्यशाळेतील रेखाटने जळाली आणि प्लॅस्टरच्या प्रतिकृती फोडण्यात आल्या.

पुढच्या पिढ्यांनी त्या प्रतिकृतींचे तुकडे जमवून जोडले. गाउदीच्या उत्तरकाळातील पृष्ठभाग मनमानी वळणांचे नव्हते. अतिपरवलयज आणि सर्पिल पृष्ठ यांसारख्या, सरळ रेषा ठरावीक रीतीने फिरवून मिळणाऱ्या आकारांच्या नियमबद्ध भूमितीवर ते आधारलेले होते, त्यामुळे तुकड्यावरून मूळ आकार गणिताने काढता येई. आधी हे हाताने झाले आणि १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून संगणकाच्या साहाय्याने होऊ लागले. म्हणून मुख्य सभागृहाची रचना गाउदीची आहे, असे बऱ्याच विश्वासाने म्हणता येते. पश्चिमेच्या दर्शनी बाजूवरील शिल्पे मात्र जोसेप मारिया सुबिराक्स याची आहेत आणि ती त्याने स्वतःच्याच शैलीत केली. आमचे मत असे की, कॅथेड्रल ही पूर्वीपासूनच अनेक पिढ्यांची कामगिरी असते आणि आपल्या हयातीत काम संपणार नाही हे गाउदीला पक्के ठाऊक होते. तेव्हा सुबिराक्सने गाउदीची नक्कल केली नाही हेच बरे झाले. ज्यांना अस्सल गाउदीच पाहायचा आहे, त्यांनी पूर्वेची दर्शनी बाजू आणि तळघर यांकडे अधिक लक्ष द्यावे. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत २००५ मध्ये समाविष्ट झाले ते या दोन भागांसाठीच.

तिकीट कसे काढावे आणि किती आधी?

तिकिटे ऑनलाइन, ठरावीक वेळेची मिळतात. दारात जाऊन ऐन वेळी तिकीट मिळेल, या भरवशावर राहू नये. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात काही आठवडे आधी आरक्षण करावे. २०२५ मध्ये साधे तिकीट २६ युरो आणि मनोऱ्यासह ३६ युरो होते. अकरा वर्षांखालील मुलांना शुल्क नाही, परंतु त्यांचेही तिकीट काढावे लागते. ध्वनिमार्गदर्शन मोबाइलच्या ॲपवर मिळते, तेव्हा इअरफोन बरोबर न्यावेत. बांधकामाचा खर्च प्रामुख्याने याच तिकिटांमधून आणि देणग्यांमधून भागतो. अधिकृत संकेतस्थळाव्यतिरिक्त अन्यत्र तीच तिकिटे चढ्या भावाने विकली जातात, हे ध्यानात ठेवावे.

दिवसाच्या कोणत्या वेळी जावे?

हे उत्तर सूर्य देतो. चर्चच्या पूर्व बाजूस जोआन विला-ग्राऊ याने निळ्या-हिरव्या छटांच्या काचा बसवल्या आहेत, तर पश्चिमेस पिवळ्या, नारिंगी आणि लाल. सकाळी आतला प्रकाश थंड, पाण्याखालच्यासारखा असतो. दुपार कलल्यावर पश्चिमेच्या काचा पेटतात आणि खांबांचा दगड खालपासून वरपर्यंत तांबूस होत जातो. हिवाळ्यात सूर्य खाली असल्यामुळे हा बदल साडेतीन-चारच्या सुमारासच दिसतो, उन्हाळ्यात त्यासाठी संध्याकाळचे सहा वाजतात. एकच वेळ निवडायची झाल्यास आम्ही कललेली दुपार निवडू.

वरच्या खिडक्यांच्या काचा मात्र फिकट किंवा पारदर्शक ठेवलेल्या आहेत, जेणेकरून छतावर स्वच्छ उजेड पडावा. जुन्या गॉथिक चर्चमध्ये वर पाहिले की अंधार दाटत जातो. येथे जसजसे वर पाहावे तसतसा उजेड वाढतो. प्रवेश केल्याबरोबर मोबाइल काढण्याऐवजी पहिली दहा मिनिटे एखाद्या बाकावर बसून राहावे. तिकिटाची वेळ केवळ आत शिरण्याची असते.

आतील खांब तिरके आणि झाडासारखे का आहेत?

त्याचे कारण शोभेचे नसून भार वाहण्याचे आहे. एखादी साखळी दोन्ही टोकांना धरून सोडली की ती आपल्या वजनाने एक वक्र आकार घेते आणि त्या आकारात तिच्यावर केवळ ताण असतो. तोच आकार उलटा करून दगडात बांधला, तर त्यात केवळ दाब राहतो, आणि दगडाला दाब सोसतो, ताण सोसत नाही. गाउदीने दोऱ्या आणि छर्‍यांच्या पिशव्या छताला टांगून अशा उलट्या प्रतिकृती तयार केल्या होत्या. भार ज्या दिशेने खाली येतो त्याच दिशेला खांब कलवला, तर त्याला बाहेरून आधार द्यावा लागत नाही. गॉथिक चर्चच्या बाहेरचे टेकू गाउदीला कुबड्यांसारखे वाटत.

खांब वर जाऊन फांद्यांप्रमाणे फुटतात ते छताचा भार अनेक ठिकाणी झेलण्यासाठी. एखाद्या खांबाच्या बुंध्याशी उभे राहून नजर हळूहळू वर नेली, तर खाली कोनांचा, ताऱ्यासारखा असलेला छेद वर जाता जाता अधिकाधिक पन्हळींमध्ये विभागत गोल होताना दिसतो. दोन विरुद्ध दिशांचे पीळ एकमेकांत मिसळून हा आकार निघाला आहे. दगडाचा रंगही भारानुसार बदलतो : कमी भाराच्या खांबांना वालुकाश्म, त्याहून जास्त भारासाठी ग्रॅनाइट व बेसाल्ट आणि मधल्या चौकातील सर्वाधिक भार वाहणाऱ्या चार खांबांना तांबडा पॉर्फिरी. बेसाल्ट म्हणजे आपल्या सह्याद्रीचाच काळा दगड.

बाहेरून काय पाहावे?

पूर्वेची ख्रिस्तजन्माची बाजू आणि पश्चिमेची दुःखसहनाची बाजू एकापाठोपाठ पाहाव्यात, म्हणजे विरोध जाणवतो. पूर्वेस दगड पाने, पक्षी, वाद्ये वाजवणारे देवदूत आणि प्राणी यांनी लगडलेला आहे. दरवाजांमधील दोन खांबांच्या तळाशी दोन कासवे आहेत. समुद्राच्या दिशेला समुद्री कासव, त्याचे पाय वल्ह्यासारखे चपटे. डोंगराच्या दिशेला जमिनीवरचे कासव, त्याचे पाय आखूड आणि जाड. दोघांच्याही पाठीवर खांब टेकलेला आहे आणि बहुसंख्य प्रवासी वर पाहत त्यांच्या जवळून निघून जातात. वरच्या बाजूस हिरवा सुरूचा वृक्ष आणि त्यावर पांढरी कबुतरे आहेत. या बाजूवरील अनेक शिल्पे एत्सुरो सोतो या जपानी शिल्पकाराने नंतर पूर्ण केली.

पश्चिमेस हाडांसारखे उघडे, तिरके खांब आहेत आणि सुबिराक्सच्या कोनदार आकृत्या. यहूदा या शिष्याने चुंबन देऊन येशूला पकडून दिले, त्या प्रसंगाशेजारी सोळा आकड्यांचा एक चौकोन कोरलेला आहे. आडवी, उभी किंवा तिरपी, कोणतीही ओळ घेतली तरी बेरीज ३३ येते. ख्रिस्ताला क्रूसावर दिले तेव्हाचे त्याचे परंपरेने मानलेले वय ते हेच. हे साधण्यासाठी दोन आकडे दोनदा वापरले आहेत, हे मुलांना शोधायला लावावे. सैनिकांची शिरस्त्राणे गाउदीच्याच कासा मिला या घराच्या धुराड्यांवरून घेतलेली आहेत.

मनोऱ्यावर जाणे आवश्यक आहे का?

आवश्यक नाही. वर लिफ्टने जाता येते, मात्र उतरताना अरुंद गोल जिना पायी उतरावा लागतो. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांनी आणि उंचीची भीती वाटणाऱ्यांनी तो टाळावा. सहा वर्षांखालील मुलांना प्रवेश नाही. वारा-पाऊस असल्यास मनोरे बंद ठेवतात. जाणारच असाल तर पूर्वेचा मनोरा घ्यावा, कारण गाउदीच्या काळातील दगडकाम तेथे जवळून पाहता येते.

मिस्सासाठी (कॅथलिक सामूहिक उपासनेसाठी) जाता येते का? पोशाखाचे काही नियम आहेत का?

वसई आणि गोव्याकडील ख्रिस्ती वाचकांकडून हा प्रश्न नेहमी येतो. पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी ७ नोव्हेंबर २०१० रोजी या वास्तूचा अभिषेक करून तिला बॅसिलिकेचा, म्हणजे विशेष मानाच्या चर्चचा, दर्जा दिला. रविवारी सकाळी नऊ वाजता मुख्य सभागृहात अनेक भाषांमधील मिस्सा होतो. त्यासाठी तिकीट लागत नाही, मात्र जागा मर्यादित असल्याने बरेच आधी रांगेत उभे राहावे. तळघरातील चॅपेल हे स्थानिक धर्मग्रामाचे नित्य प्रार्थनास्थळ असून गाउदीची समाधी तेथेच आहे. एप्रिल २०२५ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्याला ‘पूजनीय’ घोषित केले. संतपदाच्या वाटेवरील ही आरंभीची पायरी होय. मिस्सा हा फुकटात आत शिरण्याचा मार्ग नव्हे, ही जाण पर्यटकांनी ठेवावी. खांदे झाकलेले असावेत, अंगावर पारदर्शक कपडे नसावेत आणि डोक्यावरची टोपी काढावी. साडी किंवा सलवार-कमीज यांना अर्थातच काही अडचण नाही.

कासा बात्यो पाहावे की कासा मिला?

दोन्ही घरे पासेज दे ग्रासियावर, पायी दहा मिनिटांच्या अंतरावर आहेत. कासा बात्यो हे गाउदीने १९०४ ते १९०६ या काळात एका जुन्या घराचे केलेले रूपांतर आहे. हाडांसारखे खांब आणि खवल्यांचे छप्पर यांमुळे त्याची छायाचित्रे सर्वत्र दिसतात. आमच्या मते त्याचा खरा गाभा मधल्या उजेडाच्या चौकात आहे. तेथील फरशा वर गडद निळ्या आहेत आणि खाली येता येता फिकट होत जवळजवळ पांढऱ्या होतात. खिडक्याही वर लहान आणि खाली मोठ्या आहेत. वर उजेड जास्त, खाली कमी, म्हणून प्रत्येक मजल्याला सारखा उजेड मिळावा यासाठी हा हिशेब केलेला आहे. चाळीच्या किंवा वाड्याच्या अंधाऱ्या खोल्यांचा अनुभव असलेल्या माणसाला त्याची किंमत लगेच कळते.

कासा मिला १९०६ ते १९१२ या काळात बांधले गेले. त्या काळी लोकांनी चेष्टेने त्याला ‘ला पेद्रेरा’, म्हणजे दगडाची खाण, असे नाव दिले आणि तेच टिकले. त्याची दगडी दर्शनी भिंत इमारतीचा भार वाहत नाही. भार आतल्या खांबांवर आणि तुळयांवर आहे, त्यामुळे खोल्यांच्या भिंती हव्या तशा हलवता येतात. माळ्यावर विटांच्या २७० कमानी आहेत आणि गच्चीवर धुराड्यांचे प्रसिद्ध शिल्पवन. स्थापत्याची जाण वाढवायची असेल तर कासा मिला घ्यावे. लहान मुले बरोबर असतील तर कासा बात्यो बरे, परंतु तेथील गर्दी आणि दृक्‌श्राव्य झगमगाट सोसण्याची तयारी ठेवावी.

पार्क ग्वेलचे तिकीट काढण्याजोगे आहे का?

आहे, पण चढाची कल्पना असू द्यावी. लेसेप्स किंवा वायकार्का या मेट्रो स्थानकांपासून बरेच चढून जावे लागते. वायकार्काच्या बाजूने काही अंतर सरकते जिने आहेत. ज्येष्ठांनी बस किंवा टॅक्सी घ्यावी. १९०० मध्ये उद्योजक एउसेबी ग्वेल याने साठ बंगल्यांची वसाहत म्हणून हे काम सुरू केले. ती योजना साफ फसली, अवघी दोन घरे उभी राहिली, आणि १९२६ मध्ये ते सार्वजनिक उद्यान झाले.

मधल्या चौकाभोवतीचा नागमोडी बाक फुटक्या फरशांच्या तुकड्यांनी मढवलेला आहे. आपल्याकडे गच्चीवर चायना मोझॅक घालतात, त्याच जातकुळीचे हे काम. चौकावर पडलेले पावसाचे पाणी मुरमातून गाळले जाते, खालच्या ८६ खांबांच्या मंडपातील खांबांमधून उतरते आणि टाक्यात साठते. पायऱ्यांवरच्या रंगीत सरड्याबरोबर छायाचित्र काढायला झुंबड असते, तर पाण्याची ही योजना कोणी विचारीत नाही. या मध्यवर्ती भागाला २०१३ पासून तिकीट आहे.

गाउदीखेरीज आणखी कोणाचे काम पाहावे?

लुईस दोमेनेक इ मोन्तानेर याचे, निश्चितच. त्याचा कातालान संगीत प्रासाद १९०५ ते १९०८ मध्ये एका गायकवृंदासाठी बांधला गेला. सभागृहाच्या छतातून रंगीत काचेचा एक उलटा घुमट थेंबासारखा खाली उतरतो आणि दिवसा सभागृहात नैसर्गिक उजेड असतो. शक्य असल्यास मार्गदर्शित फेरीऐवजी एखाद्या मैफलीचे तिकीट काढावे.

त्याचेच संत पाऊ रुग्णालय साग्रादा फामिलियापासून तिरप्या गाउदी मार्गाने पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे. रुग्णांना फुले, रंग आणि हवा मिळाली पाहिजे, या विचाराने बागेत स्वतंत्र मंडप आणि त्यांना जोडणारे भुयारी मार्ग अशी त्याची रचना आहे. २००९ पर्यंत तेथे खरोखर रुग्णसेवा चालत होती. या दोन्ही वास्तू १९९७ पासून जागतिक वारसा आहेत आणि तरीही साग्रादा फामिलियाच्या तुलनेत तेथे निवांतपणा मिळतो. कासा बात्योला चिकटून असलेले पायऱ्यापायऱ्यांच्या माथ्याचे कासा आमात्येर हे पुच इ कादाफाल्क याचे काम आहे. ते निदान रस्त्यावरून तरी थांबून पाहावे.

व्हिसा, शहरातील प्रवास आणि सुरक्षितता यांविषयी काय काळजी घ्यावी?

शेंगेन व्हिसा आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवासी आरोग्य विमा आवश्यक आहे. व्हिसा मिळण्याआधी परत न मिळणारी तिकिटे काढू नयेत. साग्रादा फामिलिया स्थानकावर मेट्रोच्या एल-२ आणि एल-५ या मार्गिका येतात. दहा फेऱ्यांचे तिकीट एकाच व्यक्तीला वापरता येते आणि ते विमानतळाच्या मेट्रो स्थानकांवर चालत नाही. खिसेकापूंचा उपद्रव मेट्रोत आणि चर्चबाहेरच्या गर्दीत खरोखर आहे, म्हणून पासपोर्ट आणि पैसे कपड्यांच्या आत ठेवावेत.

शाकाहारी जेवणाची सोय होते का?

होते. टोमॅटो चोळलेला, ऑलिव्ह तेल घातलेला पाव आणि भाजलेली वांगी आणि ढोबळी मिरची यांची ‘एस्कालिवादा’ सर्वत्र मिळते. ‘भाजी’ म्हणून मागवलेल्या पदार्थात डुकराच्या मांसाचे तुकडे असू शकतात, म्हणून मागवताना विचारून घ्यावे. रावाल भागात भारतीय उपखंडातील जेवणाची दुकाने आहेत.

अर्धा दिवस शिल्लक असेल तर?

प्लासा एस्पान्या येथून उपनगरी रेल्वेने कोलोनिया ग्वेल या जुन्या गिरणी-वसाहतीत जावे. तेथे गाउदीने १९०८ ते १९१४ या काळात एका चर्चचे केवळ तळघर बांधले आणि पुढे ते काम थांबले. टांगत्या दोऱ्यांची प्रतिकृती त्याने याच कामासाठी केली होती. तिरके खांब, विटांच्या कमानी आणि फुलपाखराच्या पंखांसारख्या खिडक्या येथे हाताच्या अंतरावर पाहता येतात. साग्रादा फामिलियाचे सभागृह पाहण्याआधी येथे जाऊन आल्यास तिथली रचना अधिक चांगली समजते, म्हणून क्रम ठरवणे हाती असेल तर कोलोनिया ग्वेल आदल्या दिवशी ठेवावे.